बाई, मग आपण पेगन का?

‘बाई, नमस्कार. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी मी आठवी ते दहावीची नऊ मुलं जमवते आणि त्यांच्याशी इतिहासावर बोलते. ही शिकवणी नाही, मार्कांशी हिचा काही संबंध नाही. गेम आणि सिनेमे बघून मुलांनी यंदा “पेगन” लोकांचा विषय मागितला. मी ग्रीकांचा झ्यूस, उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा ओडिन, इजिप्तची आयसिस यांच्या गोष्टी सांगायला घेतल्या, आणि दुसऱ्याच रविवारी गडबड सुरू झाली. एका ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) मुलाच्या आईने दारात गाठून विचारलं, “आमच्या धर्माविरुद्ध काही नाही ना यात?” सोसायटीतल्या एका काकांनी “हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं, तेवढं सांगा” म्हणून मोबाइलवर भलामोठा मजकूर धाडला. एक मुलगा गळ्यात नॉर्स देव थॉरचा हातोडा घालून आला. आणि नववीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, आपण पण मूर्ती पूजतो, मग आपण पेगन का?” मी “पुढच्या वेळी सांगते” म्हणून वेळ मारून नेली. आता काय सांगू?’
— एक वाचक, मुलुंड

ताई,

वेळ मारून नेलीत ते बरंच केलंत. घाईत दिलेलं ‘हो’ चुकलं असतं आणि घाईत दिलेलं ‘छे, आपण कसे?’ त्याहून चुकलं असतं. या रविवारी मात्र पहिला अर्धा तास त्या मुलीचा.

आधी शब्दाचं मूळ सांगा. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा टापू आणि ‘पागानुस’ म्हणजे तिथला माणूस. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातले ख्रिस्ती लोक जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना हा शब्द लावू लागले. का, यावर विद्वान अजून भांडतात. कोणी म्हणतं खेडवळ म्हणून. कोणी म्हणतं, फौजी बोलीत ‘पागानुस’ म्हणजे फौजेबाहेरचा, तसा हा ख्रिस्ताच्या फौजेबाहेरचा. मुंबईच्या मुलांना पहिला अर्थ चटकन पोचेल. आपल्या शहराचं नावच मुंबादेवीवरून आलंय, ग्रँट रोडच्या एका वस्तीला आपण गावदेवी म्हणतो, आणि जुनी गावठाणं जिथे उरलीत तिथे कुठलीतरी गावदेवी टॉवरच्या सावलीत शेंदूर लावून बसलेली असते. मुळाला धरून बोलायचं तर ‘पेगन’ म्हणजे गावदेवीवाला.

पण एकाही अथेन्सकराने किंवा इजिप्शियनाने स्वतःला पेगन म्हणवलं नव्हतं. जे ख्रिस्ती नाहीत आणि ज्यूही नाहीत ते सगळे या एका पोत्यात भरले गेले. फॉर्मवर शेवटी ‘इतर’ असा रकाना असतो ना, तसा हा शब्द. त्यामुळे ‘पेगन धर्म’ नावाचा कुठलाही एक धर्म कधी नव्हता, हे फळ्यावर ठळक लिहा. थॉर आणि आयसिस यांचा एकमेकांशी संबंध इतकाच की दोघांनाही तिसऱ्याने एका रकान्यात टाकलं.

आता ‘आपण पेगन का?’ उत्तर असं की, कोणाच्या लेखी? सोळाव्या शतकात वसईला आलेले पोर्तुगीज आपल्याला ‘जेंतियू’ म्हणत, म्हणजे जवळपास तेच. इंग्रजांनी त्याचं ‘जेंटू’ केलं. हिंदू कायद्यावरचा एक इंग्रजी ग्रंथ १७७६ मध्ये ‘जेंटू कायदे’ अशाच नावाने छापला गेला. १८३१ मध्ये याच मुंबईत मोरभट्ट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा धर्मावर जाहीर वाद झाला, तेव्हा मिशनऱ्यांच्या लेखी आपल्या खापरपणजोबांचा देवधर्म म्हणजे पाखंडच होतं. (त्या विल्सनच्या नावाच्या कॉलेजसमोर बसून आपण आज चौपाटीवर भेळ खातो. मुंबई कोणाशी फार दिवस भांडत नाही.) म्हणजे त्यांच्या वहीत आपण पेगन, आपल्या वहीत नाही. मग मुलांना उलटा प्रश्न टाका: आपल्या वहीत कोण कोण आहे? ‘म्लेच्छ’ हा शब्द कोणी काढला? ‘यवन’ मूळचा आयोनियातल्या ग्रीकांसाठीचा, पुढे आपण तो मुसलमानांनाही लावला. हा ‘यवन’ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मी स्वतः भोगलीय. शाळेत पहिल्या वर्षी मी ग्रीक देवांची वंशावळ खडूने फळाभर काढली. क्रोनस, त्याची पोरं, पोरांची लफडी. वर्ग खूश झाला. परीक्षेत एका मुलाने लिहिलं, ‘ग्रीक लोक अडाणी होते कारण ते अशा गोष्टींवर विश्वास ठेवत.’ मी त्याचे मार्क कापले. खरं तर माझे कापायला हवे होते. गोष्टी सांगितल्या की मुलं विचारतात, ‘हे खरं मानायचे ते?’, आणि मानण्या-न मानण्याच्या त्या प्रश्नापलीकडे गाडी जात नाही. तो प्रश्न या लोकांना फारसा लागूच नाही. त्यांच्याकडे धर्ममताची शपथ नव्हती, एकच एक पवित्र ग्रंथ नव्हता. कधी, कुठे, कोणी, काय वाहायचं, याला महत्त्व होतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: कुळाचार. ‘तुमच्याकडे देवाचं कोण करतं?’ असं आपण विचारतो, ‘तुम्ही काय मानता?’ असं नाही. रोमन घरात लारेस नावाच्या गृहदेवतांचा छोटा देव्हारा असे, आणि वाडवडलांची रीत मोडायची नाही हाच मोठा धाक. कुळाचार म्हणून शिकवा. तुमच्या नऊ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी खंडोबाची तळी तरी भरली जात असेल किंवा बोडण तरी. त्यांना वेगळं समजावायला लागणार नाही.

गोष्टींऐवजी प्रसंग घ्या. माझा आवडता प्रसंग समुद्राचा आहे, म्हणून तो जरा लांबवते.

इ.स.पू. ४१५ च्या उन्हाळ्यात अथेन्सचं आरमार पिरेयस बंदरातून सिसिली जिंकायला निघालं. त्या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीज सांगतो, रणशिंग वाजलं, सगळं शांत झालं, आणि जहाजागणिक वेगळी प्रार्थना न म्हणता एका पुकाऱ्यामागून सगळ्यांनी एकदम म्हटली. सोन्याचांदीच्या पेल्यांतून वाइनचं अर्घ्य दिलं गेलं, आणि काठावर पोचवायला आलेली गर्दीही त्यात सामील झाली. हे वाचून दाखवा आणि नारळी पौर्णिमेला वर्सोव्याला किंवा कुलाब्याला कोण गेलंय ते विचारा. एखादं तरी पोर असेलच. नारळ समुद्राला देताना लोक काय बोलतात, कोण पुढे असतं, बोटी कशा सजवलेल्या असतात, ते त्यालाच सांगू दे. आपल्याकडे तो सण मासेमारीचा, तिकडे ती लढाईची मोहीम, हा फरकही मुलंच काढतील.

मग दोन वर्षं पुढे जा. इ.स.पू. ४१३. तेच आरमार सिसिलीतल्या सिराक्यूजच्या बंदरात अडकलंय, साथ पसरलीय, अखेर गुपचूप निघायचं ठरलं. आणि नेमकं चंद्रग्रहण लागलं. सेनापती निकियास शकुनांच्या फार आहारी गेलेला. ज्योतिष्यांनी सांगितलं, तिनदा नऊ दिवस थांबा. तो म्हणाला, ‘त्याआधी निघण्याचा विषयसुद्धा काढायचा नाही.’ शत्रूने बंदराचं तोंड बंद केलं आणि अथेन्सचा पुरता पराभव झाला. जे वाचले त्यांतल्या किमान सात हजारांना दगडाच्या खाणीत कैद करून ठेवलं, असं थ्युसिडिडीजच सांगतो.

इथे वर्ग हमखास ओरडेल, ‘अंधश्रद्धा!’ ओरडू द्या. ग्रहणात पाणी न पिणारी आजी कोणाकोणाच्या घरी आहे, तेही विचारा. मग दोन गोष्टी पुढे करा. एक, थांबा म्हणणारा निकियास एकटा नव्हता, बहुतेक सैनिकांचंही तेच म्हणणं होतं. आणि दुसरी, हे सगळं थंड डोक्याने नोंदवणारा थ्युसिडिडीज त्याच अथेन्सचा. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे त्याला ठाऊक होतं. तोही ‘पेगन’च. एका शहरात, एका पिढीत दोघं होते, आणि बाहेरच्यांनी दोघांना एकच लेबल लावलं. परीक्षेतल्या त्या मुलाला मी हे तेव्हा दाखवायला हवं होतं.

यानंतर एक दिवस वर्गाचा दरबार भरवा. इ.स. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने रोमच्या सिनेटमधली विजयदेवीची वेदी हटवली आणि जुन्या पुरोहितांचे, अग्निदेवी वेस्टाच्या कुमारिकांचे सरकारी तनखे बंद केले. दोन वर्षांनी रोम शहराचा मुख्य अधिकारी सिमाकस याने नव्या सम्राटाकडे अर्ज केला. त्यातलं एक वाक्य अजून सांगितलं जातं: इतक्या मोठ्या गूढापाशी एकाच वाटेने पोचता येत नाही. विरोधात उभा राहिला मिलानचा बिशप अँब्रोज. त्याने विचारलं, तुमच्या देवळांनी किती कैदी सोडवले, किती गरिबांना जेवू घातलं? आणि सम्राटाला दमही भरला की अर्ज मान्य केलास तर चर्चमध्ये ये खुशाल, पण तिथे तुला पाद्री भेटणार नाही. हा सम्राट, दुसरा व्हॅलेंटिनियन, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. तुमच्या आठवीतल्या पोराएवढा! एकाला सम्राट करा, चौघांना या बाजूला, चौघांना त्या बाजूला. नऊ मुलं बरोबर पुरतात.

सिमाकसचं वाक्य ऐकून कोणीतरी ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ म्हणेल. म्हणू द्या, शाबासकी द्या, पण सिमाकस तनखेही परत मागत होता हे विसरू देऊ नका. अर्जात तत्त्वज्ञान होतं आणि हिशेबही. सम्राटाने अर्ज फेटाळला. तुमचा सम्राट काय करतो ते बघा. पुढे थिओडोसियसने ३९१-९२ मध्ये बळी देण्यावर आणि मंदिरांतल्या पूजेवर बंदी घातली, आणि ५२९ मध्ये जस्टिनियनच्या हुकमाने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं जुनं अध्यापनही बंद पडलं. हे झरझर सांगून टाका. सनावळीत रमू नका.

मात्र जुन्या देवांचं राज्य म्हणजे सहिष्णुतेचा स्वर्ग, असा सूर तुमच्याकडून लागायला नको. या विषयावर बोलणाऱ्यांचा पाय इथेच घसरतो. शहराचे देव न मानल्याच्या आरोपावरून सॉक्रेटिसला विष प्यायला लावणारं (इ.स.पू. ३९९) अथेन्स याच देवांचं होतं. कॅनीच्या लढाईतल्या पराभवानंतर इ.स.पू. २१६ मध्ये रोमने दोन ग्रीक आणि दोन गॉल माणसं जिवंत पुरली. आणि इ.स. ३०३ पासून सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. दुसऱ्या बाजूला इ.स. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावाने गणितज्ञ हायपेशियाला ठार मारलं. दोन्ही सांगा, एकाच रविवारी सांगा. एक आज आणि दुसरं पुढच्या आठवड्यात असं केलंत तर मधले सहा दिवस सोसायटीत काय फिरेल ते मी सांगायला नको.

आता त्या मुलाची आई. ताई, तिने दारात येऊन विचारलं हे चांगलं लक्षण आहे. तिला चहाला बोलवा. सांगा की या विषयात ख्रिस्ती लोक नुसते राज्यकर्ते म्हणून येत नाहीत, आधी सोसणारे म्हणून येतात. इ.स. ११२ च्या सुमाराचं, रोमन सुभेदार प्लिनीने सम्राट ट्रेजनला लिहिलेलं पत्र तिला वाचून दाखवा. कोणी ख्रिस्ती आहे की नाही हे तपासायला प्लिनी त्यांना सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि वाइन वाहायला सांगायचा. ‘आम्ही ख्रिस्तीच’ असं हट्टाने सांगत राहणाऱ्यांना मृत्युदंड. बळीच्या मांसाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, आता पुन्हा विक्री सुरू झालीय, असंही तो लिहितो. यावरून तिच्या मुलालाच एक काम द्या: मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही, हा प्रश्न सेंट पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात कसा सोडवला, ते त्याने शोधून आणावं. बायबल घरात आहेच. वर्गात अंग चोरून बसलेला मुलगा त्या दिवशी सगळ्यांत जाणकार ठरेल. जत्रेचं मटण घरी आलं की कोण खातं आणि कोण नाही, हा वाद आपल्या मुलांनाही चांगला माहीत असतो.

तिला एक शब्दही द्या, आणि पाळा: ‘ख्रिसमस चोरला, ईस्टर चोरला’ असलं काही वर्गात चालणार नाही. ईस्टर हा शब्द इश्तार देवीवरून आला, असं मुलं हमखास मोबाइलवरून उचलून आणतात. ते खोटं आहे. पोर्तुगीजांसकट बहुतेकांच्या भाषांत त्या सणाचं नाव ज्यूंच्या ‘पेसाह’ सणावरून आलंय. ‘ईस्टर’ हे इंग्रजीचं वेगळं प्रकरण, आणि तिथेही आठव्या शतकातल्या बीड नावाच्या भिक्षूने उल्लेखलेली देवी आहे ती इओस्त्रे, इश्तार नव्हे.

एक मोह मात्र तुम्हाला होईल. मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मिळतात, आणि ग्रीसमध्ये करिंथला वैद्यदेव अस्क्लेपियसच्या स्थानात भाविकांनी वाहिलेले मातीचे हात-पाय सापडलेत. बघताक्षणी अंगावर काटा येतो. हे त्या आईला आधी दाखवा, मग वर्गात. ‘तुमचं मूळ आमच्या रकान्यात’ असं तिला वाटलं तर खेळ संपला. दुखरा पाय देवापुढे ठेवावासा वाटणं सगळीकडचं आहे, असं दाखवलंत तर बहुधा तीच मेणाचा एक पाय घेऊन येईल.

काकांचा मजकूर मी न वाचताही सांगते, त्यात ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ असणार. व्हातिकानुस हे रोमच्या त्या टेकडीचं ख्रिस्तपूर्व लॅटिन नाव. वाटिकेचा तिथे संबंध नाही. काकांशी वाद घालू नका. त्यांच्या आवडीचं खरं ते त्यांना द्या. वेदांतला द्यौस् पितर, ग्रीकांचा झ्यूस पातेर, रोमनांचा ज्युपिटर, ही एकाच जुन्या भाषाकुळातली भावंडं आहेत. भावंडं म्हणा, आई-लेकरू नव्हे. आणि तिकडून इकडे आलेलंही दाखवा. ज्योतिषातले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीक. आपले वारही त्याच व्यवहारातून आले: मंगळवार तिकडेही मंगळाचा, शनिवार तिकडेही शनीचा. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना सन-तिथीचा शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इ.स. ४८४ सालचा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, आणि इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, तिच्यासारखीच आपल्या भोकरदनलाही. विदिशाजवळचा गरुडस्तंभ तर हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवासाठी उभारला. तो स्वतःला भागवत म्हणवतो, पण झ्यूसला सोडलं असं कुठे म्हणत नाही. बहुधा त्याला कोणी विचारलंही नसेल.

हातोडावाल्या मुलाला रागावू नका. डेन्मार्कमध्ये दहाव्या शतकातला मऊ दगडाचा एक साचा सापडलाय. त्यात थॉरचा हातोडाही ओतता येतो आणि ख्रिस्ती क्रूसही. कारागिराने गिऱ्हाईक बघून माल काढला. मंदिराबाहेरच्या दुकानदारासारखाच तो! मुलाला हेही सांगा की थॉरच्या बहुतेक गोष्टी आपल्याला १२२० च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती आइसलँडकराने लिहिल्या म्हणून ठाऊक आहेत, आणि आइसलँड ख्रिस्ती होऊन तोवर दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. हातोडा गळ्यात असला तर असू दे. फक्त मुलगा जुन्या नॉर्स खुणांच्या नावाने कुठल्या ऑनलाइन टोळक्यात बसतो, ते एकदा पालकांच्या कानावर घाला. नाझींनी आपल्या एसएस या दलाच्या गणवेशावर त्याच रून लिपीची अक्षरं चढवली होती, आणि आजही द्वेष पसरवणारे काही गट त्याच खुणा वापरतात.

आणि एक सहल करा. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियाचे शिल्पपट आहेत, ते दोन तासांत होईल. पण खरी सहल कार्ल्याची. ठाण्याहून लोणावळ्याची गाडी, पुढे रिक्षा, मग पायऱ्या. वर दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्धांचं चैत्यगृह, आणि त्याच्या तोंडाशीच एकवीरा आई, कोळ्यांची कुलदेवता. जत्रेच्या दिवसांत जाऊ नका, चेंगराल. देवीचं दर्शन आधी होऊ दे, मान कोंबड्याचा की नारळाचा हे मुलांनी तिथल्या पुजाऱ्यांनाच विचारू दे. मग आत, खांबांपाशी.

त्या खांबांवर ब्राह्मीत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांतले बरेच जण स्वतःला धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे ‘यवन’ म्हणवतात. एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाव देशी, खांब बुद्धासाठी, ओळख यवन, आणि हे लेबल दुसऱ्याने चिकटवलेलं नाही, त्याने स्वतः पैसे मोजून कोरवून घेतलंय. तिथे तुमच्या नववीतल्या मुलीला पुढे करा आणि विचारा, ‘आता तू सांग, हा कोण?’

उत्तरासाठी मागे लागू नका. पायऱ्या उतरताना देईल. ती काय म्हणाली ते मला मात्र नक्की कळवा.